ग्रंथालयातील प्रेत आणि ग्रंथपालाचे मौन

रहस्यकथेच्या परंपरेत ग्रंथालय हे दीर्घकाळ ग्रंथांचे स्थान नव्हतेच. ते प्रतिष्ठेचे स्थान होते. ॲगाथा ख्रिस्ती यांची 'द बॉडी इन द लायब्ररी' १९४२ साली प्रसिद्ध झाली, तोवर 'ग्रंथालयातील प्रेत' हा संकेत इतका झिजला होता की लेखिकेने प्रास्ताविकातच त्याची दखल घेतली. ग्रंथालय शक्य तितके रूढ असावे आणि प्रेत मात्र तेथे अजिबात न शोभणारे असावे, अशी ही योजना. कर्नल बँट्री यांच्या वाड्यातील पुस्तकांच्या खोलीत, शेकोटीपुढील गालिच्यावर, एक अनोळखी तरुणी मृतावस्थेत सापडते. तेथील पुस्तके कोणी वाचते की नाही, याला कथेत महत्त्व नाही. महत्त्व आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कर्नलना टाळू लागण्याला. खाजगी मालकीच्या, वर्गीय सुरक्षिततेच्या गाभ्यातच अनाचार आढळावा, हा या संकेताचा अर्थ होता.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच खोलीचे सार्वजनिक ग्रंथालय झाले. हे स्थलांतर केवळ पार्श्वभूमीचे नाही. ज्या वाङ्मयप्रकारात ते घडले त्याला तेथे 'कोझी' म्हणतात. या विशेषणाला नेमका मराठी प्रतिशब्द सापडत नाही. उबदार, घरगुती, निर्धास्त अशा छटा त्यात एकवटल्या आहेत. हिंसा पडद्याआड, अन्वेषक हौशी, गाव लहान आणि अखेरीस विस्कटलेली घडी पूर्ववत, हे त्याचे संकेत. १९८९ साली वॉशिंग्टनच्या परिसरात 'मॅलिस डोमेस्टिक' हे संमेलन भरू लागले, ख्रिस्ती यांच्या नावाने पारितोषिके सुरू झाली आणि या प्रकाराला स्वतःचे व्यासपीठ मिळाले. लगेच पुढच्या वर्षी शार्लेन हॅरिस यांची 'रिअल मर्डर्स' आली. तिची नायिका अरोरा टीगार्डन ही जॉर्जियातील लॉरेन्सटन या काल्पनिक गावातील ग्रंथपाल. गतकालीन खऱ्या खुनांची चर्चा करणाऱ्या मंडळाची ती सदस्य आहे, आणि मंडळातील एका स्त्रीचे प्रेत तिला लिव्हरपूल येथील १९३१ च्या वॉलेस प्रकरणाबरहुकूम मांडलेले आढळते. खुनी येथे आधीच्या संहितेची नक्कल करतो. साहजिकच त्याला ओळखण्याचा अधिकार संहितांचा सराव असलेल्या व्यक्तीकडे येतो.

ही व्यक्ती स्त्री का, याचे उत्तर वाङ्मयाबाहेर शोधावे लागते. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८८७ साली कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली, तेव्हा पहिल्याच तुकडीत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पुढे अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून अमेरिकेत सोळाशेहून अधिक ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. जागा गावाने द्यायची, देणगीच्या एक दशांश इतका वार्षिक खर्च गावानेच सोसायचा, अशी अट होती. इमारत भव्य आणि वेतन तुटपुंजे, अशा या व्यवस्थेत शिकलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. समोर बसलेली, सर्वांना ओळखणारी आणि कोणाच्याच हिशेबात नसलेली ही स्त्री पुढे कथेतील अन्वेषक होण्यास जणू सिद्धच होती.

डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मधील 'द गिल्टी व्हिकरेज' या निबंधात रहस्यकथेला बंदिस्त समाज आवश्यक मानला आहे. सार्वजनिक ग्रंथालय मात्र तत्त्वतःच उघडे असते. थंडीपासून आसरा शोधणारा अनोळखी माणूसही तेथे नाकारला जात नाही. म्हणून मालिकाकारांना बंदिस्तपणा अन्य मार्गाने निर्माण करावा लागतो. विश्वस्त मंडळ, अंदाजपत्रक, वाचकमंडळे, देणगीदारांचे हेवेदावे ही त्याची साधने होत. जो डेरेस्की यांच्या 'मिस झुकस अँड द लायब्ररी मर्डर्स' (१९९४) या कादंबरीत प्रेत सापडते तेही ललित वाङ्मयाच्या कपाटांमध्ये. मिरँडा जेम्स हे स्त्रीनाम घेऊन लिहिणारे डीन जेम्स, डेरेस्की आणि जेन मॅकिनले हे तिघेही ग्रंथालयातच काम केलेले. त्यामुळे वर्गीकरण, थकीत दंड, वाढलेली कामे यांचा तपशील या कथांना आयताच लाभतो. (इतके खून होऊनही गावाची लोकसंख्या घटत नाही, हा मात्र संकेतांचा उदारपणा मानावा.)

तथापि मूळ पेच वेगळाच आहे. ख्रिस्ती यांच्या मिस मार्पलचे ज्ञान गावगप्पांतून येते. डी. ए. मिलर यांनी 'द नॉव्हेल अँड द पोलिस' (१९८८) मध्ये दाखवल्याप्रमाणे, 'द मूनस्टोन'सारख्या कादंबरीत पाळत ठेवण्याचे काम व्यावसायिक गुप्तहेराकडून दैनंदिन कुतूहलाकडे सरकते. ग्रंथपाल नायिका या कुतूहलाची वारस खरी. पण कोण काय वाचतो हे तिला केवळ ऐकून नव्हे, तर अधिकृत नोंदीतून कळते. आणि नेमकी तीच नोंद उघड करण्यास तिला मनाई आहे. १९७० साली मिल्वॉकीच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्फोटकांवरील पुस्तके कोणी नेली, याची विचारणा सरकारी महसूल अधिकाऱ्यांनी केली. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९७१ साली नोंदींच्या गोपनीयतेचे धोरण स्वीकारले, त्यामागे असे प्रसंग होते. १९८७ मध्ये तर ग्रंथालयांतील परकीय वाचकांवर लक्ष ठेवण्याचा एफबीआयचा कार्यक्रमच उजेडात आला. म्हणजे 'कोझी'चा ग्रंथपाल जन्मतःच द्विधा आहे. प्रकाराची मागणी आहे की त्याने शोधावे. व्यवसायाची मागणी आहे की त्याने झाकावे. विषावरील ग्रंथ कोणी नेला होता, हा प्रश्न रहस्यकथाकाराला मोहात पाडतो. तो सहजपणे विचारला गेला की उबदारपणाचे रूपांतर हेरगिरीत होते, आणि वाचकाला ते जाणवतही नाही. या मालिकांची वाङ्मयीन कसोटी येथे लागते. मांजरे, केक आणि विणकाम यांच्या नेपथ्यावर ती ठरत नाही.

तंत्रज्ञानानेही या पेचात हस्तक्षेप केला आहे. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या खिशातील पत्रिकेवर कर्जदारांची नावे वा क्रमांक एकाखाली एक साचत. शेवटच्या पानावरील तारखांची चिठ्ठी मराठी वाचकालाही परिचित आहे. ही पत्रिका म्हणजे वाचनाचा आणि संशयाचा इतिहासच. अनेक अमेरिकी ग्रंथालयांच्या संगणकप्रणालीत मात्र पुस्तक परत येताच ते आणि वाचक यांचा दुवा पुसला जातो. कथाकाराच्या हातचा एक पुरावा अशा रीतीने नैतिक कारणास्तव नाहीसा झाला. नायिकेला पुन्हा माणसांच्या बोलण्याकडे, म्हणजे मार्पलच्याच पद्धतीकडे, वळावे लागते.

२००५ साली कनेक्टिकटमधील ग्रंथालयांच्या एका संघाकडे एफबीआयने संगणकवापराची माहिती मागितली. मागणी झाली होती एवढे सांगण्यासही बंदी घातली. चार ग्रंथपाल न्यायालयात गेले. त्यांची नावेदेखील त्या काळात उच्चारता येत नव्हती. २००६ मध्ये बंदी उठली आणि मागणीही मागे घेण्यात आली. पाच वर्षांनी, २०११ साली, मॅकिनले यांच्या मालिकेतील पहिली कादंबरी 'बुक्स कॅन बी डिसिव्हिंग' प्रसिद्ध झाली. तिचे समुद्रकाठचे काल्पनिक गाव ब्रायर क्रीक त्याच कनेक्टिकट राज्यात आहे, आणि तेथील ग्रंथालयाची प्रमुख लिंडसे नॉरिस खुनाचा शोध घेण्यास बाहेर पडते.