लेखनिकाची किंमत

१९५२ साली बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. बहिणाबाई आदल्या वर्षी डिसेंबरात गेल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचत, गात. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा एक मावसभाऊ यांनी त्यातल्या काही कागदावर उतरवून ठेवल्या. आचार्य अत्र्यांनी ते कागद पाहिले, आणि ही गाणी छापली गेलीच पाहिजेत म्हणून आग्रह धरला.

त्याच १९५२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र तयार झालं. माणसाच्या उंचीच्या रॅकमध्ये मावणाऱ्या या यंत्राला बोललेले आकडे ओळखता येत, तेही फक्त शून्य ते नऊ. प्रत्येक आकड्यानंतर थांबावं लागे. ज्याच्या आवाजाला यंत्र जुळवलेलं असेल त्याचे बहुतेक आकडे बरोबर यायचे. दुसरा कोणी बोलायला लागला की पुन्हा जुळवणी.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, साल तेवढं एक आहे. पण बोललेलं कागदावर आणायचं तर मध्ये कोणीतरी लागतं, आणि त्या कोणाची तरी किंमत मोजावी लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. ज्ञानेश्वरी उतरवून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. तुकोबांच्या अभंगांसाठी संताजी जगनाडे यांचं नाव परंपरा सांगते. टिळक ‘केसरी’चे अग्रलेख तोंडी सांगत आणि लेखनिक ते लिहून घेत. ज्याच्याजवळ असा माणूस नव्हता, त्याचं बोलणं हवेत गेलं. सोपानदेव घरात नसते तर बहिणाबाईंचंही गेलं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे वर्षातून दोन-चार वेळा कोणीतरी नातेवाईक विचारतातच, “तू कॉम्प्युटरमधला ना? मग बोललेलं टाइप करणारं एखादं स्वस्तातलं सांग की.” विचारणारे बहुतेक निवृत्त असतात. कोणाला आठवणी लिहायच्या असतात, कोणाचा हात थरथरतो, कोणाला की-बोर्डचा कंटाळा. मी पूर्वी पटकन एक नाव सांगून मोकळा व्हायचो. पण ‘स्वस्त’ या शब्दाला या धंद्यात काय काय अर्थ मिळत गेले, ते पाहिल्याशिवाय नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हा थोडा इतिहास.

लेखनिकावाचून मजकूर सांगता यावा ही हौस जुनी आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची एक यादी छापली. त्या यादीत पहिला उपयोग पत्रं सांगण्याचा होता, संगीत खाली कुठेतरी. ‘डिक्टाफोन’ हे नाव १९०७ सालचं. पण या यंत्रांनी आवाज फक्त साठवला. तो ऐकून टंकलेखन करणारी व्यक्ती पगारावर ठेवावीच लागे. साहेबाची सोय झाली, खर्च तसाच राहिला.

आवाजातून थेट अक्षरं काढायच्या खटपटी ऑड्रीपासून सुरू झाल्या. आयबीएमने १९६२ साली ‘शूबॉक्स’ दाखवलं. त्याला सोळा शब्द कळत: दहा आकडे आणि बेरीज-वजाबाकीसारख्या सहा आज्ञा. १९६९ साली बेल लॅब्जमधल्याच जॉन पिअर्स यांनी एक खरमरीत पत्र छापून या सगळ्या संशोधनाच्या उपयुक्ततेवरच शंका घेतली आणि तिथलं काम काही काळ थंडावलं. मग १९७१ ते १९७६ या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पैसा ओतला. त्यातून कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘हार्पी’ तयार झालं, शब्दसंग्रह १०११. तिथल्या या कामाचे अध्वर्यू होते आंध्रातल्या कातूर गावात जन्मलेले राज रेड्डी. १९९४ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

याच दशकात एक मूलभूत बदल झाला, आणि आपल्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. तोवर बऱ्याच संशोधकांना वाटत होतं की यंत्राला भाषा शिकवावी: स्वर, व्यंजनं, व्याकरण. आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक आणि कार्नेगी मेलनमध्ये जेम्स बेकर यांनी वेगळी वाट धरली. व्याकरण बाजूला ठेवा, ढीगभर नमुने घ्या आणि शक्यता मोजा. यंत्राच्या आत जणू दोन जण बसवले. एक कान: आवाज कशासारखा वाटला ते सांगणारा. दुसरा अंदाजपंडित: या शब्दानंतर सहसा कोणता शब्द येतो ते सांगणारा. ‘तापली’ की ‘थापली’ हे कानाला कळलं नाही, तर आधी ‘भाकरी’ आहे की ‘कढई’ ते पाहून दुसरा निर्णय देतो.

ही युक्ती अफाट चालली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आयबीएमची ‘टँगोरा’ वीस हजार शब्द ओळखू लागली. वेगवान टंकलेखनात विक्रम करणाऱ्या अल्बर्ट टँगोराचं नाव तिला दिलं होतं. आजच्या यंत्रांत कान आणि अंदाजपंडित एकाच न्यूरल नेटवर्कमध्ये मिसळले आहेत, पण तत्त्व तेच आहे: नीट ऐकू आलं नाही तर जे जास्त संभाव्य ते लिहायचं.

आता किमतीकडे. जेम्स आणि जॅनेट बेकर या जोडप्याने १९८२ साली ‘ड्रॅगन सिस्टिम्स’ काढली. १९९० साली त्यांचं ‘ड्रॅगन डिक्टेट’ बाजारात आलं, किंमत नऊ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने दीड लाख रुपयांच्या पुढे. आणि तरीही प्रत्येक शब्दानंतर थांबायचं. ‘मी. उद्या. येणार. नाही.’ असं बोलायला कोण तयार होईल? ज्यांच्या हातांनी साथ सोडली होती ते झाले. त्यांच्यासाठी हे पर्यायांपैकी एक नव्हतं, नोकरी टिकवायचा मार्ग होता. १९९७ साली ‘ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग’ आलं. आता सलग बोलता येत होतं आणि किंमत होती ६९५ डॉलर. त्याच वर्षी आयबीएमचं ‘व्हायाव्हॉइस’ स्पर्धेत उतरलं आणि पुढे किमती आणखी उतरत गेल्या.

बेकर दांपत्याची गोष्ट मात्र वाईट वळणाने गेली. २००० साली त्यांनी कंपनी बेल्जियमच्या ‘लर्नाउट अँड हाउस्पी’ला विकली आणि मोबदल्यात रोख न घेता तिचे शेअर घेतले. काही महिन्यांतच त्या कंपनीचा हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि शेअरची रद्दी झाली. तंत्रज्ञान लिलावात गेलं, पुढे ‘न्युआन्स’कडे आलं आणि २०२२ साली न्युआन्ससकट मायक्रोसॉफ्टकडे. अडीच दशकं ज्यांनी यंत्राला ऐकायला शिकवलं त्यांच्या हाती त्या व्यवहारातून जवळपास काही लागलं नाही.

यानंतर किंमत शून्यावर आली. शून्य म्हणजे खिशातून काही जायचं नाही, एवढंच. २००७ साली गूगलने अमेरिकेत ‘गूग-४११’ ही फुकट फोन-चौकशी सेवा सुरू केली. दुकानाचं नाव बोला, नंबर मिळेल. लोकांचे आवाज गोळा करून यंत्र शिकवणं हा या सेवेमागचा हेतू आहे, हे कंपनीच्या अधिकाऱ्यांनीच तेव्हा उघडपणे सांगितलं होतं. पुरेसं शिकून झाल्यावर २०१० मध्ये सेवा बंद झाली. तोवर फोनवरचा व्हॉइस सर्च रुळला होता. पैशांच्या जागी आता आवाज द्यायचा होता. २०१९ साली बातम्या आल्या की मोठ्या कंपन्यांच्या व्हॉइस असिस्टंटची काही रेकॉर्डिंग कंत्राटी माणसं ऐकतात. अनेकांना धक्का बसला. पण यंत्र चुकलं की बरोबर हे सांगायला माणूस लागतोच. लेखनिक कुठे गेला नव्हता, पडद्यामागे बसला होता.

मराठीला हा व्यवहार उशिरा लाभला. गूगलच्या की-बोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय आली ऑगस्ट २०१७ मध्ये, बंगाली, गुजराती, तमिळ वगैरे भाषांबरोबर. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने ‘व्हिस्पर’ खुलं केलं. कोणीही उतरवून घ्यावं, आपल्या संगणकावर चालवावं, एक पैसा न देता. ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर ते शिकलेलं होतं. त्यासोबतच्या शोधनिबंधाच्या शेवटी भाषावार तक्ता आहे. इंग्रजी बोलणं आणि तेच इंग्रजीत उतरवलेलं: सुमारे ४ लाख ३८ हजार तास. हिंदी: १२ तास. मराठी: ०.६ तास.

म्हणजे छत्तीस मिनिटं. (मराठी बोलणं आणि त्याचं इंग्रजी भाषांतर अशी सामग्री वेगळी होती, ती बरीच जास्त होती.) २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. त्यांच्या बोलण्याची, मराठीतच लिहून ठेवलेली आणि या कामी आलेली सामग्री भरली ती आकाशवाणीवरच्या एखाद्या श्रुतिकेएवढी. इथे कोणाचा दुष्टावा नाही. ही सामग्री इंटरनेटवरून गोळा केली होती, आणि आपण आपल्या व्याख्यानांना, मुलाखतींना मराठी उपशीर्षकं क्वचितच देतो.

ही उणीव कशी भरते त्याचं एक उदाहरण आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मराठी आवाज गोळा केले गेले ते तीन गटांकडून: कमी उत्पन्नाचे ग्रामीण लोक, कमी उत्पन्नाचे शहरी लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी. छत्तीस माणसांनी मिळून १०९ तास वाचून दिलं. गरीब घरांतल्या लोकांचं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं, आणि हे काम त्यांना जोडउत्पन्न देऊ शकतं असं अभ्यासकांनी मांडलं. पुढे आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने भारतीय भाषांसाठी आवाजाचे मोठे संग्रह आणि मॉडेल तयार करून खुली केली. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ २०२२ साली सुरू झाली. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर आपण कोणीही मराठी वाक्यं वाचून देऊ शकतो.

आता नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर. प्रमाण मराठीत टिपणं काढायची असतील, सामानाची यादी, पत्र, लेखाचा कच्चा खर्डा, तर फोनच्या की-बोर्डवरचा माइक पुरतो. पैसे देऊन काही घ्यायची गरज नाही. बोलणं खासगी असेल, अशिलाचं, रुग्णाचं किंवा घरातलं, तर आवाज आपल्याच संगणकावर राहील असं व्हिस्परसारखं काही वापरावं. मराठीसाठी खास शिकवलेली खुली मॉडेलं सहसा त्याहून बरी चालतात, पण ती बसवायला घरातला एखादा भाचा-पुतण्या लागतो. विकतचं घ्यायचंच असेल तर जाहिरातीतल्या अचूकतेच्या टक्क्यांवर विसंबू नये, ते बहुधा इंग्रजीचे असतात. आपल्या घरात, पंखा चालू ठेवून, आपल्या माणसाने पाच मिनिटं बोलावं. त्यात गावांची नावं, माणसांची आडनावं, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, आणि ‘मीटिंग पोस्टपोन झाली’सारखं एखादं वाक्य असावं. मग चुका मोजण्यापेक्षा त्या कसल्या आहेत ते पाहावं.

कारण चुका दोन जातींच्या असतात. ‘कोरेगाव’चं ‘गोरेगाव’ झालं तर बोलणाऱ्याला वाचताना कळतं. दुसरी जात जास्त धोक्याची. माझी आजी ‘व्हतं’ म्हणते, यंत्र ‘होतं’ लिहितं. ती ‘म्या’ म्हणते, यंत्र ‘मी’. अंदाजपंडिताने छापील मराठी पाहिलेली असते, त्यामुळे त्याच्या लेखी हेच संभाव्य. वाचताना कुठेही अडखळायला होत नाही, उलट मजकूर शुद्ध वाटतो. फक्त तो आजीचा राहत नाही. याच्याही पुढची पायरी म्हणजे न बोललेलं लिहिणं. व्हिस्परवरच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात शंभरातल्या सुमारे एका ध्वनितुकड्यात मुळात नसलेली वाक्यं सापडली, आणि बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त होई. आठवणी सांगणारी म्हातारी माणसं तर थांबत थांबतच बोलतात.

सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहिणारे. आईची खानदेशी बोली त्यांना ‘सुधारता’ आली असती. त्यांनी ती तशीच ठेवली, म्हणून आज ती आपल्याला वाचायला मिळते. लेखनिकाकडून हीच अपेक्षा असते, आणि सध्याचं कोणतंही स्वस्त किंवा महाग सॉफ्टवेअर ती भरवशाने पुरी करत नाही.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पण मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. एक तासाचा आवाज फोनमध्ये चार-दोन फोटोंएवढीच जागा घेऊ शकतो. उतरवलेला मजकूर खर्डा समजा, आणि बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून तो एकदा वाचून दाखवा. “असं नाही म्हटलं मी” असं ती व्यक्ती जिथे म्हणेल तिथे दुरुस्त करा. यात वेळ जातो. सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी हा वेळ द्यावाच लागतो.