म्हातारचळ ते स्मृतिभ्रंश : एका सेवेचा इतिहास

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील वडीलधारे माणूस तेच तेच विचारू लागले, जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागू लागले, पोटच्या लेकाला ओळखेनासे झाले, की 'म्हातारचळ लागला' असे म्हणून आपण मोकळे होतो. या शब्दांत थोडा विनोद आहे, थोडी हेटाळणी आहे; आणि त्यांच्या मुळाशी एक ठाम समजूत आहे की, हे वयाबरोबर यायचेच, त्याला इलाज नाही. ज्या दुःखाला इलाज नाही असे समाज एकदा ठरवून टाकतो, त्या दुःखासाठी मग शिक्षणही उभे राहत नाही आणि शासनाचे धोरणही आखले जात नाही. ही समजूत कशी ढासळत गेली, हे इतिहासाच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. स्वतःचे नावही तिला धड लिहिता येईना. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संवाद बारकाईने टिपून ठेवले. १९०६ साली तिचे निधन झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्यांना दिसले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील वैद्यकीय परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. तरीही पुढील कित्येक दशके हा तुलनेने तरुण वयातला विरळा आजार मानला गेला आणि वृद्धांचा विसर म्हणजे केवळ वार्धक्य, असेच डॉक्टरही म्हणत राहिले. १९७६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले की, हे दोन्ही एकच आहे आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश हा बहुतांशी आजारच आहे. म्हणजे म्हातारचळाला आजार म्हणून वैद्यकाची व्यापक मान्यता मिळाली, त्याला अद्याप पुरते शतकही लोटलेले नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा त्या संस्थानाचे मनोरुग्णालय विसाव्या शतकातील बराच काळ जालन्यात होते, हे आज किती जणांना आठवते? १९५३ साली ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलविण्यात आले. पुढे १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र स्थापन झाला. परंतु रुग्णालय तिकडेच राहिले. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांत मराठवाड्याचे नाव नव्हते. बीड किंवा परभणीच्या कुटुंबाला आपला माणूस घेऊन दूर पुण्याची वा नागपूरची वाट धरावी लागे. जालन्यात पुन्हा असे रुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने मंजुरी दिली, ती अगदी अलीकडच्या काळात.

अर्थात त्या जुन्या संस्थांचा हेतू शुश्रूषेपेक्षा बंदोबस्ताचा अधिक होता. ब्रिटिश अमदानीतला १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. त्याची जागा घेणारा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो १९९३ साली. रुग्णाच्या हक्कांची भाषा खऱ्या अर्थाने आली २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात. या प्रवासात विसरभोळे आजी-आजोबा कुठेच बसत नव्हते. मनोरुग्णालयाच्या दृष्टीने ते वृद्ध होते आणि वृद्धाश्रमाच्या दृष्टीने ते रुग्ण होते. दोन्ही दारे बंद झाली की उरते ते घर, आणि घरात बहुधा एकच व्यक्ती : सून, मुलगी किंवा स्वतः थकलेली पत्नी.

ही कोंडी प्रथम नीट तपासली गेली ती गोव्यात. जगातील स्मृतिभ्रंशाचे दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्याविषयीचे संशोधन मात्र एक दशांशाहूनही कमी, या विषमतेवर बोट ठेवणारा '१०/६६' हा संशोधकांचा गट १९९८ साली स्थापन झाला. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील पाहणीत असे आढळले की, लोक आजाराची लक्षणे अचूक ओळखत होते. परंतु त्यांचे कारण ते वार्धक्यात किंवा मुलांच्या दुर्लक्षात शोधत होते. वृद्धाश्रम अशा व्यक्तींना प्रवेश देत नव्हते. विचार करा : जी सून रात्रंदिवस राबते, तिच्याच माथी 'प्रेम कमी पडले' हा दोष येत होता.

त्यानंतर डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबे निवडण्यात आली. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, बेताचे शिक्षण असलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन 'गृहसेवा सल्लागार' म्हणून तयार करण्यात आले. ते सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. हा आजार काय आहे, आंघोळ-जेवण कसे सांभाळावे, त्रागा वाढला तर काय करावे, डॉक्टरांकडे केव्हा जावे, वृद्धांसाठीच्या सरकारी योजना कोणत्या, हे ते समजावून सांगत. अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत. पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते. सहा महिन्यांनंतर सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारलेले दिसले. रुग्णाचा आजार काही बरा झाला नव्हता. बदलले होते ते सेवा करणाऱ्याचे ज्ञान आणि त्याचे एकटेपण.

मध्यरात्री दोन वाजता आजी 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणून दाराची कडी काढते. अशिक्षित माया तिला सांगते, 'अगं, हेच तुझं घर!' आणि भांडण पेटते. शिकलेली माया तिचा हात हाती घेते, तिच्या माहेरची आठवण काढते, पाणी देते आणि हळूच अंथरुणाकडे वळविते. माया दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो शिक्षणाचा.

हा धडा आपल्या धर्मसभेनेही एकदा घेतला आहे. धर्मभगिनींनी प्रसूतीसेवा करण्यावर पूर्वी निर्बंध होते. १९३६ साली रोमने ती परवानगी दिली आणि त्यासाठी रीतसर वैद्यकीय शिक्षण घेण्यास उत्तेजन दिले. गुंटूर येथे सेवा करणाऱ्या डॉक्टर धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. दयेला विद्येची जोड मिळाली, तेव्हाच ती सेवा गावोगावी पोहोचली.

शासकीय पातळीवरही काही पावले पडली आहेत. १९९२ साली डॉ. के. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने केरळमध्ये या रुग्णांसाठीची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. त्याच केरळ राज्याने २०१४ साली तिच्या साहाय्याने स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० च्या सुमारास आला. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराविषयीचा जागतिक कृती आराखडा संमत केला. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, १९५६ साली सुरू झालेल्या आणि आपण सारे 'घाटी' म्हणून ओळखतो त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. डॉ. मंगला बोरकर यांनी त्याची धुरा वाहिली आणि वृद्धचिकित्सेतील पदव्युत्तर शिक्षणात घाटीने राज्यात आघाडी घेतली. मराठवाड्याच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होय.

परंतु घाटीतील तज्ज्ञ पैठण वा कन्नडच्या प्रत्येक उंबरठ्यावर पोहोचू शकत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. २००५ पासून गावोगावी आलेल्या आशाताईंना गोव्यासारखे प्रशिक्षण व त्याचे रास्त मानधन, परिचारिकांच्या अभ्यासक्रमात या सेवेला स्थान, जिल्हा रुग्णालयात ठराविक दिवशी स्मृतितपासणी आणि थकलेल्या कुटुंबाला चार दिवस विसावा देणारे केंद्र : एवढ्या गोष्टी राज्याच्या धोरणात आल्या, तर गोव्यातील त्या घरांत जे घडले ते हजारो घरांत घडू शकेल. या मागण्या ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत मांडणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे. धर्मग्रामातील चार-दोन तरुण-तरुणींना या सेवेचे शिक्षण घेण्यास पाठविणे, हे तर आपल्याच हाती आहे.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील बेनसिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय वाचून पाहा. पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी पुत्राने त्याला समजून घ्यावे, आपल्या धडधाकटपणाच्या तोऱ्यात त्याचा अवमान करू नये, असा उपदेश तेथे केला आहे. समजून घेण्याची आज्ञा फार जुनी आहे. समजून कसे घ्यावे, याची विद्या मात्र आपल्या पिढीच्या हाती आली आहे. ती शिकून घेणे हे त्या आज्ञेचेच पालन होय.