बंद झालेल्या वाटेवरचें शहर

शाळेंत इतिहासाच्या तासाला मी मुलांना एक प्रश्न पुष्कळ वर्षें विचारीत असे: शहर कशामुळें वसतें? उत्तरें ठरलेलीं असत. नदीचा संगम, किल्ल्याचा आश्रय, व्यापाराची पेठ, एखादें जागृत देवस्थान. हीं उत्तरें बरोबरच आहेत. परंतु फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एक शहर असें आहे कीं, त्याच्या भाग्योदयाचें कारण यांपैकीं कोणतेंच नव्हे. एका गृहस्थाची पुढची वाट बंद झाली, म्हणून तें शहर उदयास आलें. त्याचें नांव कान. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून त्याला ‘कान्स’ म्हणतात; तेथील लोक शेवटचा ‘स’ उच्चारीत नाहींत.

१८३४ सालीं कान हें तीनचार हजार वस्तीचें कोळ्यांचें गांव होतें. सूके नांवाची टेकडी, तिच्या माथ्यावर जुनें चर्च आणि बुरूज, खालीं वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, एवढाच त्याचा पसारा. समोर समुद्रांत लेरँ बेटें आहेत; तेथील मठाच्या सत्तेखालीं हें गांव कित्येक शतकें होतें. १८१५ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस नेपोलियन एल्बा बेटांतून निसटून जवळच्याच गोल्फ-ज्युआं येथें उतरला आणि त्या रात्रीं त्याची छावणी कानपाशीं पडली. पण सम्राटाच्या पायधुळीनेंहि गांवाचें दैव पालटलें नाहीं. तें पालटलें एका कायदेपंडिताच्या मुक्कामानें.

ह्या कायदेपंडिताचें नांव हेन्री ब्रूम. त्याचा जन्म १७७८ सालीं एडिंबरो येथें झाला. १८३० पासून १८३४ पर्यंत तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होता. १८३२ चा मताधिकार वाढविणारा कायदा आणि १८३३ चा गुलामगिरी बंद करणारा कायदा, ह्या दोहोंच्या पाठीशीं त्याच्या वाणीचें बळ होतें. माझ्यासारख्या शिक्षकाला त्याचें मोठेपण आणखी एका गोष्टींत दिसतें. कामकऱ्यालाहि परवडतील अशीं ज्ञानाचीं पुस्तकें निघावीं, म्हणून १८२६ सालीं त्यानें उपयुक्त ज्ञानाच्या प्रसारासाठीं एक मंडळी काढण्यांत पुढाकार घेतला. धर्ममताची अट न घालतां शिकविणारें विद्यापीठ लंडनमध्यें उभारणाऱ्यांतहि तो होता. ज्ञान हें थोड्यांच्या मालकीचें नसावें, हा त्याचा ध्यास होता. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याकडे पुन्हां वळावयाचें आहे.

१८३४ च्या अखेरीस मंत्रिमंडळ गेलें, अधिकारहि गेला. ब्रूमची मुलगी एलिओनोर-लुईझ प्रकृतीनें नाजूक होती. तिला ऊब मिळावी म्हणून तो तिच्यासह इटलीकडे निघाला. त्या काळीं व्हार नदी ही सरहद्द होती. अलीकडे फ्रान्स, पलीकडे नीस शहरासह सार्डिनियाच्या राजाचा मुलूख. फ्रान्सच्या दक्षिण भागांत तेव्हां पटकीची सांथ होती. बंगालमधून १८१७ सालीं प्रथम दूरवर पसरूं लागलेला तो रोग १८३२ सालीं पॅरिसपर्यंत पोहोंचला होता. सार्डिनियाच्या अधिकाऱ्यांनीं नदीवर पहारे बसवून वाट बंद केली. रोगाच्या भीतीपुढें माजी चॅन्सेलरच्या पदवीचेंहि कांहीं चाललें नाहीं. गाडी मागें वळली आणि कानच्या एका साध्या खाणावळीपाशीं थांबली.

तेथील हवा ब्रूमला अशी मानवली कीं, १८३५ च्या आरंभींच त्यानें जमीन विकत घेतली आणि बंगला बांधावयास काढला. त्याला नांव दिलें मुलीचें. परंतु ज्या मुलीसाठीं हा खटाटोप, ती १८३९ सालीं अवघ्या सतराव्या वर्षीं लंडन येथें वारली. तिच्या समाधीवरील लॅटिन लेख वृद्ध मार्क्विस वेलस्लीनें रचला. ज्याच्या तैनाती फौजेच्या राजकारणानें १८०२ च्या वसईच्या तहांत पेशवाईच्या पायांत बेडी घातली, तोच हा वेलस्ली. राज्यें घेणाऱ्या हातांनीं एका मित्राच्या लेकीसाठीं शोकलेख लिहावा, हा मनुष्यस्वभावाचा दुसरा पैलू होय.

मुलगी गेली, तरी ब्रूमनें कान सोडलें नाहीं. तो हिवाळ्यांत तेथें येत राहिला, आणि त्याच्या मागोमाग इंग्लंडांतील धनिक मंडळीहि येऊं लागली. वुलफील्ड नांवाच्या एका इंग्रजानें जमिनी घेऊन बंगले बांधून विकण्याचा उद्योगच आरंभला. ब्रूमनें आपलें वजन खर्चून फ्रेंच सरकारकडून बंदराच्या धक्क्यासाठीं पैसा मिळविला. १८६३ सालीं आगगाडी आली. १८६८ सालीं सियान्य नदीचें पाणी कालव्यानें शहरांत आलें, आणि त्याच वर्षीं नव्वदीच्या घरांतल्या ब्रूमनें कान येथेंच देह ठेवला. त्याची समाधि तेथेंच आहे, आणि त्याचा पुतळाहि शहरानें उभारला आहे.

त्या काळचें कान हें हिवाळ्याचें गांव होतें. क्षयानें खंगलेले, थंडीला भ्यालेले श्रीमंत लोक तेथें येत आणि उन्हाळा लागतांच परत जात. मेरिमे हा फ्रेंच लेखक १८७० सालीं तेथेंच वारला. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड १८८४ सालीं तेथेंच गेला. उन्हाळ्यांत समुद्रावर उघड्या अंगानें पडून राहण्याची आवड फार अलीकडची, पहिल्या महायुद्धानंतरची. मग १९३६ सालीं फ्रान्सच्या कायद्यानें कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि ज्यांनीं समुद्र कधींच पाहिला नव्हता अशीं कुटुंबें किनाऱ्याकडे निघालीं.

आज जगाला कान माहीत आहे तें चित्रपट महोत्सवामुळें. तो १९३९ च्या सप्टेंबरांत भरावयाचा होता. महायुद्धामुळें राहिला आणि १९४६ सालीं भरला. त्या पहिल्याच वर्षीं सर्वोच्च पारितोषिक अनेक चित्रपटांना विभागून मिळालें; त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. वरच्या अंगाला राहणारा धनिक आपल्या सोयीसाठीं घाण पाण्याचा ओहोळ खालच्या गरीब वस्तीकडे वळवितो आणि तेथें रोगराई माजते, असें त्याचें कथानक आहे. रोगाच्या भीतीनें जन्मलेल्या धनिकांच्या शहरांत ह्या कथेचा गौरव व्हावा, ह्यांत मोठें मर्म आहे. १९५२ सालीं शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ तेथें स्पर्धेंत दाखविला गेला. होनाजी बाळाची ती कथा पेशवाईच्या अखेरच्या काळांतली, म्हणजे वेलस्लीनें घातलेली बेडी आवळत गेली त्याच काळांतली.

आतां प्रारंभींच्या मुद्द्याकडे वळूं. क्रुआझेत नांवाच्या तेथल्या सुंदर सागरमार्गावर आज मोठमोठीं हॉटेलें ओळीनें उभीं आहेत. समोरच्या वाळूचा बराच भाग भाड्याच्या आरामखुर्च्यांनीं व्यापलेला असतो. पैसे न देतां बसावयास मोकळी वाळू त्या मानानें थोडी. बंदरांत श्रीमंतांच्या नौका नांगरलेल्या असतात. तरी लोकांना ओढून आणतें काय? हवा, ऊन आणि पाणी. हीं तिन्ही कोणा हॉटेलवाल्यानें निर्माण केलेलीं नाहींत. ज्ञान सर्वांचें असावें म्हणून झगडलेल्या ब्रूमच्या हातून, त्याच्या मनांत नसतांना, असें गांव वसलें कीं जेथें ऊन्हालाहि किंमत पडली. ह्यांत मी त्याला दोष देत नाहीं. तो एका आजारी मुलीचा बाप होता. पण एकाची गरज ही पुढें अनेकांची चैन होते, आणि चैनीभोंवतीं कुंपण पडावयास वेळ लागत नाहीं.

फ्रान्सनें १९८६ सालीं कायदा करून किनाऱ्यावर सर्वांना मुक्त प्रवेशाचा हक्क असल्याचें स्पष्ट केलें. १९३६ च्या कायद्यानें सवड दिली, १९८६ च्या कायद्यानें वाट दिली. शहराच्या वैभवाचें माप मी त्याच्या हॉटेलांवरून घेत नाहीं. तेथल्या झाडूवाल्याचें मूल संध्याकाळीं पैसे न मोजतां त्याच समुद्रांत पाय बुडवूं शकतें कीं नाहीं, ह्यावरून घेतों. बंद झालेल्या वाटेनें जें शहर दिलें, त्यानें तरी दुसऱ्याची वाट बंद करूं नये.