इलेक्ट्रिक कार सुरतेत परवडते का? सीएनजी, घरचा मीटर आणि गावच्या वाटेचा हिशोब

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. दहा-बारा वर्षं दुचाकीवर काढल्यावर आता अनेकांच्या दारात चारचाकी आली आहे, कुणाची जुनी गाडी बदलायला झाली आहे. शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ऐकू येतं : "इलेक्ट्रिक घ्या, रुपया-सव्वा रुपयात किलोमीटर." हे वाक्य खोटं नाही. पण ते कोणासाठी खरं आहे, हे गाडी रात्री कुठे उभी राहते त्यावर ठरतं.

आधी तुलना कशाशी करायची ते पाहू. जाहिराती इलेक्ट्रिकची तुलना पेट्रोलशी करतात. सुरतेत मात्र खरी स्पर्धा सीएनजीशी आहे, कारण इथे पंप जागोजागी आहेत आणि रिक्षापासून घरच्या गाडीपर्यंत सगळे त्यावरच चालतात. २०२५ साली सुरतेत पेट्रोल लिटरला साधारण ९४-९५ रुपये आणि सीएनजी किलोला ८० रुपयांच्या आसपास होता. शहराच्या गर्दीत छोटी पेट्रोल कार लिटरला १५ किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला सव्वासहा रुपये पडतात. सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर धरले तर सव्वातीन रुपयांच्या आत. म्हणजे अर्धी बचत सीएनजीनेच करून टाकली आहे. इलेक्ट्रिकच्या वाट्याला उरलेली अर्धी येते.

आता विजेचं. कारच्या कागदावर बॅटरीचं माप किलोवॅट-तासात लिहिलेलं असतं. घाबरायचं कारण नाही, एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलातलं एक युनिट. छोटी इलेक्ट्रिक कार १०० किलोमीटरला साधारण १३ युनिट खाते. चार्जर आणि वायरमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते, त्यामुळे मीटरवर १५ युनिट पडतात असं धरा.

सुरत शहराच्या मध्य भागात टोरंटची वीज आहे, बाहेरच्या मोठ्या पट्ट्यात दक्षिण गुजरात वीज कंपनीची, म्हणजे डीजीव्हीसीएलची. डीजीव्हीसीएलच्या शहरी घरगुती दरात महिन्याला २५० युनिटच्या वरचा टप्पा ५ रुपये २० पैशांचा होता. त्यावर दोन रुपयांहून जास्त इंधन अधिभार आणि १५ टक्के वीजशुल्क. सगळं मिळून पावणेनऊ रुपयांच्या जवळपास. गाडीसाठी वेगळा मीटर घेतला तर युनिटचा मूळ दर ४ रुपये १० पैसे आणि महिन्याला २५ रुपये स्थिर आकार. अधिभार-शुल्क धरूनही तो सात-साडेसातच्या आसपास राहतो. त्यामुळे घरच्या मीटरवर किलोमीटरला एक रुपया तीस पैसे, वेगळ्या मीटरवर त्याहूनही थोडं कमी. शोरूमवाल्याचं वाक्य इथपर्यंत बरोबर.

पण हीच गाडी नवापूरला नेली तर? नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. विजेचं बिल मात्र अर्धं-अर्धं होत नाही. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात १०१ ते ३०० युनिटचा टप्पा १० रुपये २९ पैशांचा होता, ३०१ ते ५०० चा १४ रुपये ५५ पैशांचा. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के शुल्क. नंतर दर बदलले, पण टप्प्यांची चढण कायम आहे. महिन्याला १,००० किलोमीटर गाडी चालली की बिलात १५० युनिट वाढतात, आणि ही वाढ नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसते. म्हणून त्या दरांनी सीमेपलीकडे किलोमीटरला दोन रुपये, जास्त वापराच्या घरात पावणेतीनपर्यंत खर्च येतो. तिकडे पेट्रोलही लिटरला जवळपास दहा रुपयांनी महाग, म्हणून तर सीमेवरची मंडळी टाकी भरायला गुजरातेत येतात. त्यामुळे पेट्रोलशी तुलना केली तर महाराष्ट्रातही इलेक्ट्रिक फायद्यात दिसते. फक्त सुरतेतल्या भावाचा आकडा ऐकून नंदुरबारच्या भावाने गाडी बुक करू नये.

ज्याला घरी चार्जिंगची सोयच नाही त्याचं काय? हायवेवरचे आणि मॉलमधले जलद चार्जर युनिटला साधारण १८ ते २४ रुपये घेतात, त्यात १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. हा सीएनजीचाच खर्च झाला, वर अर्धा-पाऊण तास थांबायचं ते वेगळं. रोजची गाडी बाहेरच चार्ज करावी लागणार असेल तर चालवण्याच्या खर्चात सुरतेत काहीच वाचत नाही.

आता गाडीच्या किमतीतला फरक किती वर्षांत निघतो ते बघा. टाटाची टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८ लाख ४९ हजारांपासून आली. त्याच वर्षी आलेली सीएनजी टियागो साधारण सहा लाखांपासून सुरू होत होती. सवा-दोन लाखांचा फरक धरू. घरी चार्जिंग आणि महिना १,००० किलोमीटर असेल तर सीएनजीच्या तुलनेत महिन्याला १,९०० रुपये वाचतात, वर्षाला बावीस-तेवीस हजार. फरक भरून निघायला दहा वर्षं! बॅटरीची हमी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. पेट्रोलशी तुलना केली तर वर्षाला साठ हजार वाचतात आणि चार वर्षांत हिशोब जुळतो. महिना २,५०० किलोमीटर चालणाऱ्याला, म्हणजे टॅक्सीवाला किंवा रोज सुरत-अंकलेश्वर करणाऱ्याला, सीएनजीच्या तुलनेतही चारेक वर्षांत पैसे सुटतात. शाळा, बाजार आणि रविवारी डुमस एवढ्यासाठी गाडी लागणाऱ्याला नाही.

सरकारी मदतही आता पहिल्यासारखी नाही. गुजरातच्या २०२१ च्या धोरणात बॅटरीच्या दर युनिटमागे १०,००० रुपये, कारला जास्तीत जास्त दीड लाख मिळत होते. त्या धोरणाची मुदत ३० जून २०२५ ला संपली. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या स्वस्त झाल्या. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे. ऑइल बदलणं, क्लच, सायलेन्सर हा खर्च नाही, म्हणून सर्व्हिसिंगमध्ये वर्षाला काही हजार वाचतात. गाडी वजनाने जड असल्याने टायर मात्र लवकर झिजतात.

बॅटरी भाड्याने देण्याची योजना कानावर आली असेल. हालोलला कारखाना असलेल्या एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली, तेव्हा ९ लाख ९९ हजारांत गाडी आणि किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचं भाडं असा भाव होता. साडेतीन अधिक विजेचे सव्वा-दीड म्हणजे पाच रुपयांच्या जवळ. सुरुवातीला हप्ता कमी, पण चालवणं सीएनजीहून महाग. गाडी कमी चालते त्याला हे चालून जातं, जास्त चालवणाऱ्याने मात्र कॅल्क्युलेटर घेऊनच बसावं.

पैशांच्या आधी सुटायला हवा तो जागेचा प्रश्न. घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या नियमांनी परवानगी आहे. पण डिंडोली-लिंबायतच्या रो-हाउसमध्ये गाडी गल्लीत उभी राहते, आणि रस्त्यावरून वायर टाकणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. अपार्टमेंटमध्ये पार्किंगपर्यंत वेगळी वायरिंग लागते, सोसायटीची मंजुरी लागते. ती लेखी घेतल्याशिवाय टोकन भरू नका. दुसरं म्हणजे खाडीपूर. लिंबायत, पर्वत पाटिया भागात खाडीचं पाणी गल्लीत शिरणं नवं नाही, जून २०२५ मध्येही ते शिरलं. बॅटरीचा डबा पाणीरोधक असतो, तरी तासन्‌तास पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल मोठं येऊ शकतं. विमा घेताना बॅटरीचं जादा संरक्षण मागून घ्यावं.

छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं. एक किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिना १,००० किलोमीटरसाठी सव्वा-दीड किलोवॅट पुरतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. स्वतःचं छत असलेल्याने गाडी आणि सोलरचा हिशोब एकत्रच मांडावा.

राहिली गावाकडची वाट. आखाजीला, दिवाळीला, लग्नसराईत बारडोली-व्यारा-सोनगड-नवापूर रस्त्याने धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. सुरत ते धुळे दोनशे किलोमीटरच्या वर आहे. २४ युनिटची छोटी गाडी, पाच माणसं, डिकीत सामान, मे महिन्यातला एसी आणि कोंडाईबारीचा घाट, एवढं एका चार्जमध्ये होणार नाही. ४५ युनिटची गाडी पोहोचते. छोटी घेतली तर वाटेत एकदा जलद चार्जिंग धरून चला, आणि निघण्यापूर्वी त्या दिवशी चार्जर चालू आहे का ते ॲपवर बघा. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल इलेक्ट्रिकलाही लागतो. महाराष्ट्राची २०२५ ची टोलमाफी समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आहे, भाटिया आणि मांडळच्या नाक्यावर तिचा उपयोग नाही. २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वर्षाचा फास्टॅग पास खाजगी गाडीला २०० फेऱ्यांपर्यंत चालतो, तो इलेक्ट्रिकलाही घेता येतो.

गावी पोहोचल्यावर १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला जेमतेम तीन युनिट भरतात, म्हणजे रात्रभर गाडी लावून ठेवायची. घराला अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत. आखाजीच्या आधी गावच्या वायरमनला बोलावून सॉकेट आणि अर्थिंग तपासून घ्यावं, हजार-दोन हजारांचं काम आहे.