वरकुटे आणि इंदापूर-बारामती परिसर : प्रेक्षणीय स्थळे

वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुक ही पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील दोन गावे. डाळिंब, ऊस, ज्वारी आणि दुभती जनावरे यांवर चालणाऱ्या या गावांचा प्रवासवर्णनांत फारसा उल्लेख सापडत नाही. तरीही या भागात उतरणाऱ्याला दोन-तीन दिवस पुरून उरेल इतके पाहण्यासारखे सभोवती आहे. तालुक्याच्या उत्तरेला व पूर्वेला भीमा आणि दक्षिणेला नीरा. पश्चिमेच्या बारामती तालुक्यातून कऱ्हा वाहते. पाऊस मात्र बेताचा, सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे इथले जवळजवळ प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ पाण्याशी बांधलेले आहे: कुठे अडवलेल्या, कुठे आटलेल्या, कुठे पवित्र मानलेल्या. काय पाहायचे हे इथे महिना ठरवतो, आणि महिना म्हणजे धरणाची पातळी.

भीमेवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात असले, तरी त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेने थेट दौंड तालुक्यापर्यंत पसरतो. धरण १९८० साली पुरे झाले आणि जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा (नेहमीच्या वापराबाहेरचे तळाचे पाणी) आहे. साठ्याची टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरची. म्हणून पाणी त्याखाली गेले की आकडा उण्यात जातो आणि ‘धरण मायनसमध्ये गेले’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते.

अशाच वर्षी पळसदेवचे जुने देऊळ पायी जाऊन पाहता येते. या परिसरात मोलाचे स्थळ एकच सांगायचे झाले तर ते हे. पळसनाथाचे हे शिवमंदिर मध्ययुगीन असून खाली घडीव दगडाचे काम आणि वर विटांचे उंच शिखर आहे. धरणात गाव गेले, गावकरी उठून पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला वसले, तिथे पळसनाथाचे नवे देऊळ झाले आणि जुने पाण्यातच राहिले. धरण भरलेले असताना शिखराचा वरचा भागच काय तो दिसतो. पाणी उतरत गेले की आधी शिखर मोकळे होते, मग मंडपाचे छत, मग खांब, आणि अगदी शेवटी आवार. आवारात वीरगळ आणि सतीशिळा आहेत. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांबरोबर स्वर्गाकडे जाणारा वीर आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा क्रम साधारणपणे असतो. गाळाचा थर हाताने जरा पुसला की आकृत्या वाचता येतात. इतकी वर्षे पाण्यात बुडत-उघडत राहूनही शिखर उभे आहे, ही त्या गवंड्यांच्या कामाची मोठी साक्ष होय. देवळाभोवती भेगाळलेल्या गाळात घरांची जोती दिसतात. ज्यांची ती घरे, त्यांपैकी वयस्क मंडळी आजही नव्या गावात आहेत. म्हणून इथे सहलीचा गोंगाट करू नये, शिखरावर चढू नये आणि दगड हलवू नयेत.

याच जलाशयाने भिगवणला पक्षी दिले. मुख्य ठिकाणे म्हणजे इंदापूर तालुक्यातील कुंभारगाव, डिकसळ आणि तक्रारवाडीचा किनारा. लोक त्याला पक्षी अभयारण्य म्हणतात, पण मुळात हे धरणाचे पाणी आहे. इथे मासेमारी चालते, पाणी उतरलेल्या गाळात पेरणी म्हणजे गाळपेर होते, मोटारी लावून ऊस भिजवला जातो आणि त्याच वेळी पक्षीही राहतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हे इथले मोठे आकर्षण. त्यांना उथळ पाणी लागते. म्हणून धरण तुडुंब भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात आणि जानेवारीनंतर पाणी ओसरू लागले की त्यांची संख्या वाढते. उथळ पाण्यात पाय आपटत ते स्वतःभोवती फिरतात, त्याने गाळ ढवळला जातो, मग मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतात आणि चिखलपाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, कुरव, शिवाय चित्रबलाक, चमचे, मोरशराटी आणि मासा धरायला सूर मारणारी मीनघार, असा मोठा मेळा डिसेंबर ते मार्च या काळात भरतो. होड्या चालवणारे बहुतेक इथल्याच मासेमार घरांतले. पाणी कुठे खोल, कुठे उथळ, कोणता थवा कुठे बसला आहे, किती जवळ गेले तर तो उडेल, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. उजाडता उजाडता होडीत बसावे आणि नावाडी थांबवेल तिथे थांबावे. कुरवांनी होडीजवळ यावे म्हणून शेव-फरसाण फेकण्याची खोड अलीकडे बोकाळली आहे. ती पक्ष्यांनाही घातक आणि पाण्यालाही.

चित्रबलाकांचे घरटी बांधणे पाहायचे असेल तर भिगवणजवळच्या भादलवाडी तलावाकडे वळावे. १८७६-७७च्या दुष्काळाच्या काळात या पट्ट्यात तलावांची व कालव्यांची कामे सरकारने काढली. भादलवाडी आणि बारामती तालुक्यातील शिरसुफळ हे तलाव एकोणिसाव्या शतकातलेच. नीरा डावा कालवाही त्याच दुष्काळाच्या धक्क्यातून आकाराला आला. भादलवाडीच्या तलावातील बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत होते. इंदापूर गावातही जुन्या चिंचांवर त्यांची घरटी असतात, आणि खाली माणसांची वर्दळ चालू असताना वर पिल्ले मोठी होतात. शिरसुफळला शिरसाई देवीचे देऊळ असून तिथे वानरांचे कळप असतात.

पाणी सोडून माळाकडे गेले तर वेगळाच मुलूख लागतो. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा गवताळ माळ परक्या नजरेला ओसाड वाटतो, पण चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांचे ते घर आहे. हिवाळ्यात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत जाताना दिसतात. वनविभागाने अलीकडे कडबनवाडी व शिरसुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. माळावर झाडे लावून ‘हिरवळ’ करण्याच्या उत्साहापेक्षा हे पाऊल कितीतरी शहाणपणाचे. लांडग्याला आणि चिंकाऱ्याला रान नको, माळच हवा. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे असून १९९७ साली घोषित झाले. चिंकारा दिसण्याची खात्री तिथे बरीच.

देवस्थानांत नीरा नरसिंहपूर पहिले. इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा भीमेला मिळते, पलीकडे एका बाजूला माळशिरस आणि दुसऱ्या बाजूला माढा तालुका. पुणे जिल्हा इथे संपतो. लक्ष्मीनृसिंहाचे हे मंदिर पेशवाईतील विंचूरकर घराण्याच्या नावाशी जोडलेले असून महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे ते कुलदैवत आहे. मुख्य मूर्ती वाळूची असून ती प्रल्हादाने घडवली, अशी श्रद्धा आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंतीचा उत्सव होतो. घाटाच्या पायऱ्या उतरून संगमावर उभे राहिले की दोन नद्यांच्या पाण्यातला फरक पावसाळ्यात डोळ्यांना कळतो. बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगावचा मयूरेश्वर, अष्टविनायकांतला पहिला गणपती. उंच तटबंदी, कोपऱ्यांवरचे मनोरे आणि गणपतीसमोर नंदी ही त्याची वैशिष्ट्ये. भाद्रपदी व माघी चतुर्थीला इथे मोठी गर्दी असते.

इंदापूर शहर इतिहासासाठी पाहावे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत कामी आले. गावात त्यांच्या नावाची गढी आहे. चांदशाहवलीचा दर्गाही गावाच्या श्रद्धेचे ठिकाण. जमीन महसुलाच्या इतिहासातही इंदापूरला स्थान आहे. इंग्रज अधिकारी प्रिंगल याच्या जबर आकारणीने इथल्या गावांची दैना झाल्यावर विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३५-३६मध्ये नवी मोजणी इंदापुरातूनच सुरू केली, आणि पुढे तीच पद्धत मुंबई इलाखाभर पसरली. बारामतीत कऱ्हेच्या काठी काशीविश्वेश्वर व सिद्धेश्वर ही देवळे आहेत. पंतकवी मोरोपंत (१७२९-१७९४) जन्मले पन्हाळ्याला, पण त्यांचे लेखन घडले बारामतीत. शेतीत रस असणाऱ्याने शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र बघावे. नीरेकाठचे वालचंदनगर ही वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वसवलेली उद्योगनगरी, जिथून पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनून गेले.

आषाढीच्या वारीत हाच मुलूख अंतर्बाह्य बदलतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वाचे गोल रिंगण. सराटीला पादुकांना नीरास्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. रिंगण पाहायला जाणाऱ्याने पहाटेच जागा धरावी आणि वाहन गावाबाहेर ठेवावे.

खाण्यात भिगवणची मच्छी प्रसिद्ध. जलाशयातली चिलापी, मरळ, वाम, कटला हे मासे महामार्गावरच्या खानावळींत ताजे मिळतात. निमगाव केतकीची विड्याची पाने घरी न्यावीत. पुण्याहून भिगवण सुमारे शंभर किलोमीटर, पुणे-सोलापूर महामार्गावर आणि रेल्वेमार्गावरही. तिथून पुढच्या ठिकाणांना स्वतःचे वाहन बरे, कारण एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. पक्ष्यांसाठी जानेवारी ते मार्च आणि वारीसाठी आषाढ धरावा. पळसदेवचे देऊळ पायी पाहायचे असेल तर एप्रिल-मेमध्ये आधी धरणाची टक्केवारी विचारून मगच निघावे, कारण चांगल्या पावसाच्या वर्षानंतर ते होडीतूनच पाहावे लागते.