नागनदी आणि तिचे कारभारी

राजेरजवाड्यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. कमिट्यांचे इतिहास लिहिण्यास सहसा कोणी धजत नाही. कारण उघड आहे. कमिटीत ना रणांगण, ना सिंहासन. एक लांब मेज, त्याभोवती बसलेले काही सभ्य गृहस्थ आणि मागील सभेच्या वृत्तान्तास दिलेली मंजुरी, एवढेच काय ते साहित्य. परंतु नागपूरच्या माणसाने कोणते पाणी प्यावे आणि वापरलेले पाणी कोणाच्या दारात सोडावे, हे गेली दीडशेहून अधिक वर्षे अशाच मेजाभोवती ठरत आले आहे. तेव्हा त्या मेजाभोवतीच्या खुर्च्या कोणाच्या, हा प्रश्न आम्हांस एखाद्या लढाईच्या तिथीपेक्षा कमी मोलाचा वाटत नाही.

ज्या नदीवरून शहराचे नाव पडले असे मानतात, ती नागनदी शहराच्या पश्चिमेस लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावते. गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी तेथल्या वाड्या एकत्र करून नगर वसविले. पुढे भोसल्यांची राजधानी झाली. त्या काळी पाण्याचा कारभारी राजा. तलाव बांधविणे हे त्याच्या पुण्याचे काम; ते बिघडले तर जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्नच उद्भवत नसे.

१८५४ साली राज्य खालसा झाले आणि १८६४ साली नागपुरात म्युनिसिपालिटी स्थापन झाली. प्रारंभीचे सभासद सरकारच्या पसंतीचे. १८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि कालांतराने लोकांनी निवडलेल्या गृहस्थांस व बिनसरकारी अध्यक्षांस वाव मिळाला. सर गंगाधरराव चिटणवीस यांनी या म्युनिसिपालिटीचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले. या मंडळींच्या सचोटीबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु त्यांच्या संस्थेच्या रचनेतच एक गोम होती. अंबाझरीचे पाणी नळाने घरोघर नेणारी कमिटी तीच, आणि घरोघरचे सांडपाणी शेवटी ज्या नागनदीत जाणार, तिची राखणदारही तीच. पाणी आणण्याचे काम लोकांच्या डोळ्यांस दिसते, त्याचा जयजयकार होतो. पाणी वाहून नेण्याचे काम कोणास दिसत नाही. मग गटारांची व्यवस्था नळांच्या मागे राहिली यात नवल ते काय? प्रसिद्ध नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी नागपूरविषयी अहवाल लिहिला. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. म्हणूनच की काय, शहराकडे ते सजीव वस्तू म्हणून पाहत. पण त्यांचे ऐकणे न ऐकणे हे पुन्हा त्याच मेजावर अवलंबून होते. १९३६ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि शहरास दुसरे मेज मिळाले, एवढेच. त्याचा अध्यक्ष सरकारने नेमावयाचा. वसाहती आखणारा एक, त्यांची घाण वाहणारा दुसरा.

आपले पाणी आपणच नासविणाऱ्या संस्थेवर कोणी तिऱ्हाईत पंच असावा, ही कल्पना कायद्यात उतरावयास १९६९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापिले. केंद्राचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने तो १९८१ साली स्वीकारला. आमच्या प्रस्तुत विषयाचा गाभा या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमात आहे, आणि ते कलम वाचकांनी एकदा सावकाश वाचावे अशी आमची विनंती आहे. अध्यक्ष राज्य सरकारने नेमावयाचा. त्यास पर्यावरणाचे विशेष ज्ञान वा अनुभव, निदान अशा संस्था चालविण्याचा अनुभव हवा. सरकारचे प्रतिनिधी ५ पर्यंत. स्थानिक संस्थांच्या सभासदांतून ५ पर्यंत. सरकारी मालकीच्या कंपन्यांचे २. एक सदस्य-सचिव. आणि शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार व सरकारच्या मते ज्यांना स्थान द्यावे असे इतर हितसंबंध, या सर्वांस मिळून ३ पर्यंत!

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे ती नगरपालिका पंचांच्या रांगेत पाच जागांवर बसू शकते. कारखानदार व कोळी यांस मात्र एकाच बाकावर दाटीने बसविले आहे. त्या बाकावर कोळी नसला तरी कायदा मोडत नाही. याच कायद्याचे सहावे कलम सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे बनविणाऱ्या वा विकणाऱ्या पेढीच्या भागीदारास सभासदत्वास अपात्र ठरविते, आणि ते योग्यच आहे. पण पाणी शुद्ध करण्यात ज्याचा फायदा, त्याला दारातच अडवावयाचे आणि ते न करण्यात ज्याची बचत, त्याला खुर्ची द्यावयाची, हा न्याय तर्कशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात बसतो हे आम्हांस उमगलेले नाही. कोणी म्हणेल, उद्योगाची अडचण मंडळास कळावयास नको काय? अवश्य कळावी. अडचण सांगावयास साक्षीदाराचा पिंजरा असतो. तेथून न्यायासनावर चढावे लागत नाही.

अध्यक्षांच्या पात्रतेचे शब्दही इतके सैल ठेवले गेले की प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २२ सप्टेंबर २०१७ रोजी त्या न्यायालयास राज्यांना सांगावे लागले की नेमणुकांचे नियम सहा महिन्यांत करा.

नागपूरपुरता विचार केला तर यात एक विशेष विसंगती आढळते. पाण्याच्या शास्त्राची मोठी संस्था याच शहरात १९५८ साली निघाली आणि १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. ज्ञान येथे आहे. नदी येथे आहे. मंडळाचे मुख्य ठाणे मात्र मुंबईस. नागनदीस पिवळी नदी मिळते, ते पाणी कन्हानेत व कन्हानेतून वैनगंगेत जाते, आणि भंडारा जिल्ह्यात, जेथे २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसविली, त्याच्या जलाशयात जाऊन साचते. म्हणजे नागपूरकराने ओतलेले पाणी ज्याच्या जाळ्यात व शेतात शिरते तो ढिवर व शेतकरी नागपूर महापालिकेचा मतदारही नाही. महापालिकेच्या मेजावर त्याला बसता येत नाही. त्याच्यासाठी म्हणून जे मेज मांडले, तेथे त्याच्या वाट्यास तीन जागांतला एक हिस्सा, तोही सरकारच्या मर्जीने.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागनदीच्या प्रदूषण-निवारणाच्या १९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या योजनेची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात बसविण्यात आली. पैसा आला ही आनंदाची गोष्ट होय. योजना उद्या पूर्ण झाली तरी नदी शुद्ध राहिली की नाही हे तपासण्याचे काम त्या मंडळाकडेच राहील. त्याच्या सभा कायद्याप्रमाणे निदान दर तीन महिन्यांस एकदा भरतात, सभासदांची मुदत तीन वर्षांची असते, आणि पवनीचा ढिवर सकाळी जाळे ओढतो तेव्हा त्याला त्यांतील एकाचेही नाव ठाऊक नसते.