लाखोळीची डाळ : आपल्या दस्तरखानाचा इतिहास

मुसलमानाच्या घरी रोज बिर्याणी शिजते, हा समज खोल रुजलेला आहे. तो पसरवण्यात इतरांचा वाटा आहेच, पण आपलाही कमी नाही. इतिहास सांगताना आपण बादशहांचे मुदपाकखाने आठवतो आणि विणकर, हमाल, खाणमजूर यांच्या चुलीकडे पाठ फिरवतो. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील मात्र त्याच चुलीवर पोसले गेले. म्हणून आम्ही येथे एका गरीब डाळीचा इतिहास मांडत आहोत.

नागपूर जिल्ह्यातले खापा हे कन्हान नदीकाठचे जुने गाव. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. हातमागाच्या कापडासाठी गावाचे नाव होते आणि विणकर मुख्यतः कोष्टी. याच नदीवर खाली कामठी आहे. तेथे १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी पडली आणि १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडचे मोमिन विणकर येऊन स्थिरावले. धर्म वेगळा, बोली वेगळी, पण माग तोच आणि धान्यबाजारही तोच. जे स्वस्त, ते दोघांच्याही ताटात. ज्वारीची भाकर, कण्या, अंबाडीची भाजी आणि लाखोळीची डाळ.

लाखोळी स्वस्त का, हे शेतात कळते. पूर्व विदर्भातल्या बांध्यांत धान उभे असतानाच ओलीवर तिचे बी फेकतात. वेगळी नांगरणी नाही, पाणी नाही. जे उगवते त्याची डाळ होते. तिचे वरण करावे, वडे तळावेत, पीठ करून झुणका करावा. वर लसूण आणि लाल मिरचीचा बघार दिला की घर भरून वास सुटतो. थोडक्यात जास्त माणसे जेवू घालण्याची ही रीत आपल्या दालच्यातही आहे. चार हाडे, दुधी भोपळा आणि पातेलेभर डाळ. मोहर्रमचा खिचडाही तसाच. गहू, डाळी आणि थोडेसे गोश्त रात्रभर घोटून सारा मोहल्ला जेवतो.

पण या डाळीला दुसरी बाजू आहे. मँचेस्टरच्या कापडाने हातमाग आधीच खिळखिळा केला होता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. दुष्काळात धान्य महागते आणि त्याच वेळी कापड घ्यायला कोणाकडे पैसा उरत नाही. विणकर दोन्हीकडून भरडला जातो. बाजारात धान्य असूनही माणूस उपाशी का मरतो, याचे उत्तर अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच दिले आहे.

अशा वेळी कडधान्यांत टिकून राहते ती लाखोळी, आणि तीच रोज, तीच दोन्ही वेळा खावी लागते. तिच्यात एक विषारी अंश असतो. इतर अन्नाबरोबर अधूनमधून खाल्ली तर सहसा बाधत नाही. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. सागर भागात १८२९ नंतरच्या नापिकीत तरुण माणसे अशी पांगळी झाल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. पुढे रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई. मालकाची काटकसर मजुराच्या पायांवर बेतली.

१९६१ साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि महाराष्ट्राने बंदी घातली. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी तिच्या बाजूने वर्षानुवर्षे लढले. २००८ मध्ये राज्याने बंदी उठवली. आता कमी विषाचे रतन, प्रतीक असे वाणही आले आहेत.

ते विष पाण्यात विरघळते. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचे, मग भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी ओतून टाकायचे. याने विष पुष्कळ कमी होते, सगळे जात नाही. म्हणून ताटात ज्वारी आणि भाजीही हवीच. पण ही रीत पाळायलाही सरपण लागते, पाणी लागते, सवड लागते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला शहाणपणाचे धडे देऊन काय उपयोग?

साधे जेवण हे आपले वैभव आहे, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. मात्र ते निवडून खाल्ले जाते की दुसरे काही नाही म्हणून, हे विचारल्याशिवाय त्याचे गोडवे गाऊ नयेत. आपल्या घरातल्या वृद्ध स्त्रिया हा इतिहास जाणतात. नवाबांची नावे पाठ करण्याआधी त्यांच्याजवळ बसून कोणत्या वर्षी काय शिजले आणि काय शिजले नाही, ते लिहून घ्यावे. मराठी मुसलमानाचा खरा इतिहास तेथूनच सुरू होईल.